आखाजीआधी फरशी बसवायला घेताय?

आमच्याकडे खानदेशात घराचं कुठलंही काम 'आखाजीपर्यंत उरकून टाकू' असं म्हणूनच सुरू होतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकीबाळी माहेरी येणार, अंगणातल्या निंबाला झोका बांधला जाणार, आमरस-पुरणपोळीच्या पंगती बसणार, म्हणजे घर कसं लख्ख पाहिजे! मीही तेच केलं. अमळनेरच्या घराची मधली खोली एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उकरली आणि भर दुपारी दोन वाजता, पंखा फुल्ल सोडून, स्वतःच टाइल्स बसवायला घेतल्या. शेजारचे आबा, ज्यांची सगळी हयात गवंडीकामात गेली, दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "तुले जमी का रे भाऊ?"

जमलं, पण पाच टाइल्स पोकळ वाजत होत्या. त्या का वाजल्या हे कळायला पुढची दोन कामं जावी लागली. टाइल ठेवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. खानदेशात खरी झटापट असते ती उन्हाशी आणि काळ्या मातीशी. बाकी पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत जे दाखवतात ते ठीकच आहे, फक्त तिथे खिडकीतून झळा येत नसतात.

वेळ कोणती धरायची

टाइल चिकटवायची पावडर, म्हणजे अॅडहेसिव्ह, ५ ते ४० अंश तापमानात वापरायची असते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, आणि दुपारच्या स्लॅबखाली कोबाही, म्हणजे सिमेंटची जमीनही, तव्यासारखी तापते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. आखाजीचाच हट्ट असेल तर पहाटे साडेपाचला सुरू करा आणि साडेनऊ-दहाला हात धुवा. पश्चिमेच्या खिडकीला ओलं गोणपाट लावा. आणि पंखा बंद. घाम गाळत बसायला नको वाटतं, मान्य, पण पंख्याचा वारा नेमका तुमच्या कामाच्या मुळावर येतो. कसा ते पुढे सांगतो.

आधी जमीन ऐका

रबरी हातोडी घ्या आणि जुनी फरशी वीतभर अंतराने ठोकत चला. 'टक्क' आवाज आला तर ती घट्ट आहे, 'ढब' आला तर खाली पोकळी आहे. जुनी मोझॅक किंवा सिमेंटचा कोबा सगळीकडे टक्क वाजत असेल तर उकरायची गरज नाही, त्याच्यावरच टाइल बसते. मात्र जमीन १२ ते १५ मिलिमीटर वर येणार हे धरून चला. दारं खालून तासावी लागतात आणि शेजारच्या खोलीत जाताना ठेच लागते. मी दार तासायचं विसरलो होतो. काम झाल्यावर ते निम्म्यातच अडलं, आणि बाहेर जायला खिडकीशिवाय वाट नव्हती!

जुन्या घरात शहाबादी फरशी मातीवर किंवा चुन्याच्या थरावर नुसती मांडलेली असते. ती मात्र काढाच. खाली काळी माती निघाली तर घाई करू नका. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतात मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा दिसतात, तीच माती तुमच्या पलंगाखाली आहे. फूट-दीड फूट खणून ती काढायची, मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसाने ठोकायचे, वर चार इंच काँक्रीट आणि त्यावर दीड-दोन इंच कोबा, एकास चार प्रमाणात सिमेंट-वाळू. हे काम मजूर लावून करून घ्या, इथे एकट्याने कंबर मोडून घेण्यात शहाणपणा नाही. नव्या कोब्याला सात दिवस पाणी मारा आणि टाइलला हात लावण्याआधी तो एकूण २८ दिवसांचा होऊ द्या.

एकच भेग दर पावसाळ्यात उघडते आणि उन्हाळ्यात मिटते, किंवा उलट, असं दिसत असेल तर दोष पायाचा आहे. वर दोनशे रुपये फुटाची टाइल लावली तरी ती त्याच रेषेत तडकणार.

कोबा सपाट आहे का हे बघायला सहा फुटांची अॅल्युमिनियमची पट्टी सगळ्या दिशांनी आडवी ठेवा. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे आधी भर घाला. अॅडहेसिव्ह हे चिकटवायला असतं, खड्डे भरायला नव्हे. मग झाडा, पुसा, पुन्हा झाडा. रंगाचे थेंब आणि तेलाचे डाग खरवडून काढा.

माल किती, कसा

आपल्या बाजारात येणारा बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीचा. खोलीसाठी दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली, टाइल नवख्याला बरी पडते. चार बाय दोन दिसायला राजेशाही, पण एकट्याला ती उचलवत नाही आणि कोब्यातला बारीकसा चढउतारही ती चव्हाट्यावर आणते.

हिशेब असा. खोली १० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट. दोन बाय दोन म्हणतात ती प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार टाइल्सच्या खोक्यात साडेपंधरा चौरस फूट भरतात. तोडफोडीचे १० टक्के धरून १३२ फूट, म्हणजे नऊ खोकी. चार इंचांच्या स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायच्या पट्टीला, दार वजा जाता ४१ फूट पट्टी लागते. एका टाइलमधून पाच चांगल्या पट्ट्या निघतात, त्यामुळे चार-पाच टाइल्स, म्हणजे आणखी एक खोकं. दहा खोकी घ्या. त्यातून एखादी-दोन टाइल्स उरतील त्या कपाटामागे ठेवून द्या. पाच वर्षांनी तोच शेड मिळणार नाही, हे दुकानदार विकताना सांगत नाही.

दुकानातच प्रत्येक खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर वाचा. एका खोक्याचा नंबर वेगळा असला तरी खोलीच्या मध्यावर पांढऱ्यातला पिवळा दिसतो. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये किंवा कडेला उजेड दिसला तर माल वाकलेला आहे, सेकंड म्हणून स्वस्तात देतात तो बहुधा हाच.

अॅडहेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप लिहिलेला असतो. कोब्यावर दोन बाय दोन व्हिट्रिफाइडला टाइप २, जुन्या फरशीवर किंवा गुळगुळीत दगडावर लावायचं तर टाइप ३. वीस किलोच्या पोत्यात ४५-५० फूट होतात असं सांगतात, ते तीन मिलिमीटरच्या थराचं गणित. मोठ्या टाइलखाली थर जाड जातो, तेव्हा ३०-३५ फूटच धरा. १२० फुटांना चार पोती.

इथे आपल्याकडच्या जुन्या सवयीबद्दल बोललं पाहिजे. मिस्त्री सिमेंट-वाळूचा थर टाकतात, वर सिमेंटची रबडी ओततात आणि टाइल ठोकतात. शहाबादीला, भिंतीच्या सिरॅमिकला हे चालायचं, कारण त्या पाणी पितात आणि पाण्याबरोबर सिमेंट त्यांच्या पोटात शिरून पकड घेतं. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. सिमेंटला धरायला तिच्यात जागाच नाही. वर्ष-दोन वर्षांत ती सुटते आणि चालताना टपटप वाजते. अॅडहेसिव्हमध्ये पॉलिमर असतो म्हणून ते धरतं. त्याच कारणाने या टाइल्स पाण्यात भिजवायच्याही नाहीत. "रात्रभर टाकीत बुडवून ठेव" असं कोणी वडीलधारं सांगेल, मान डोलवा आणि कोरड्याच ठेवा.

हत्यारं: १० मिलिमीटर दात्यांची कंगव्यासारखी थापी, साधी थापी, रबरी हातोडी, दोन फुटी स्पिरिट लेव्हल, सूत, सांध्याची फट सारखी ठेवायला दोन मिलिमीटरचे स्पेसर, टाइल्सच्या कडा एका पातळीत धरायला लेव्हलिंगच्या क्लिपा आणि पाचर, हाताने ओढायचा टाइल कटर, वळणाच्या कापासाठी चार इंची मार्बल कटर. दोन्ही कटर भाड्याने मिळतात. मार्बल कटरवर पाणी सोडून कापा, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा. ती बारीक धूळ छातीत बसते. पाणी आणि वीज एकत्र आली म्हणून पायात रबरी चप्पल हवी, आणि घराला ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवून घ्या.

सूत धरणं

जुन्या घरातली एकही खोली काटकोनात नसते. भिंतीला धरून टाइल लावत गेलात तर समोरच्या भिंतीशी पाचरीसारखे तुकडे येतात. म्हणून दोन समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून सूत ताणा आणि रेघ मारा. तिला काटकोनात दुसरी रेघ काढायला ३-४-५ वापरा: एका रेघेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. मोठ्या खोलीत ६-८-१० घ्या.

आता पावडर न कालवता टाइल्स कोरड्याच मांडून बघा. दारातून आत शिरताना अख्खी टाइल दिसावी, तुकडे पलंग-कपाटाखाली जावेत. भिंतीशी तीन-चार इंचांपेक्षा बारीक पट्टी येत असेल तर सगळी मांडणी अर्ध्या टाइलने सरकवा. या मांडामांडीत माझी अख्खी सकाळ गेली. दर वेळी जाते. भिंतीशी सगळीकडे आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा सोडा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, आणि उन्हाने फरशी फुगली तर तिला पाय पसरायला जागा राहते. ही फट न सोडलेल्या घरात भर मे महिन्यात मधल्याच दोन टाइल्स तंबूसारख्या वर उठलेल्या मी पाहिल्या आहेत.

कालवणं आणि साय

बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलट केलं तर तळाशी कोरड्या गाठी राहतात. सुरुवातीला पाच किलोच कालवा, त्याला सव्वा लिटरच्या आसपास पाणी लागतं, नेमकं माप पोत्यावर असतं. पाणी पिण्याचं वापरा. आपल्याकडच्या कित्येक बोअरचं पाणी इतकं जड असतं की बादलीवर पांढरा थर धरतो, ते नको. उन्हाळ्यात मी माठातलं गार पाणी घेतो, गच्चीवरच्या टाकीतलं नाही, कारण ते अकरा वाजताच चहाएवढं तापलेलं असतं. गाठी मोडेपर्यंत ढवळा, पाच मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा. थापी उलटी केली तरी मसाला पडू नये आणि कंगव्याच्या रेघा उभ्या राहाव्यात, इतपत घट्ट. घट्ट होत गेलेल्या मसाल्यात नंतर पाणी घालून तो सैल करायचा मोह होतो. तसला मसाला फेकून द्या, त्याची पकड गेलेली असते.

आता त्या पोकळ पाच टाइल्सची गोष्ट. अॅडहेसिव्ह जमिनीवर पसरल्यापासून टाइल ठेवेपर्यंत साधारण वीस मिनिटं मिळतात असं पोत्यावर लिहिलेलं असतं. ती वीस मिनिटं गार, बंद खोलीतली. तापलेल्या कोब्यावर पंख्याखाली ती सात-आठच उरतात. दुधावर धरते तशी मसाल्यावर साय धरते. खालचा मसाला ओलाच असतो, रंगही बदलत नाही, पण टाइल त्या सायीवर नुसती बसते, चिकटत नाही. मी एका दमात बारा फूट मसाला पसरून ठेवला होता.

म्हणून बोट लावून बघायचं. मसाला बोटाला चिकटला तर टाइल ठेवा. बोट कोरडं निघालं तर तेवढा पट्टा खरवडून टाका आणि ताजा लावा. वरून पाणी शिंपडून साय मोडत नाही. उन्हाळ्यात एका वेळी एकाच टाइलपुरता मसाला पसरा, आणि आधी कोब्यावर ओला स्पंज फिरवून घ्या. कोबा दमट हवा, पाणी साचलेला नको.

बसवणं

थापीच्या सपाट बाजूने मसाला जमिनीवर दाबून घासा, मग दात्यांची बाजू ४५ अंशांत धरून एकाच दिशेने कंगवा ओढा. सगळ्या रेघा समांतर. गोल-गोल फिरवलं की हवा कोंडते. टाइलच्या पाठीची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसा आणि तिथेही मसाल्याचा पातळ हात मारा. टाइल रेघांना आडवी थोडी मागेपुढे सरकवत दाबा, म्हणजे रेघा मोडून एकमेकींत मिसळतात. हातोडीने मध्यापासून कडेकडे हलके ठोका.

पहिली टाइल बसवली की लगेच उचलून तिची पाठ बघा. जिवावर येतं, पण बघाच. पूर्ण पाठ मसाल्याने भरलेली दिसली तर ठीक, रेघा तशाच उभ्या दिसल्या तर मसाला कमी आहे किंवा सुकलाय. चार कोपऱ्यांत आणि मध्ये पाच गोळे ठेवून टाइल दाबायची एक पद्धत आहे, ती फार झटपट होते. पण अशा टाइलचे कोपरे पोकळ राहतात आणि गहू-दादरच्या (दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी) कोठीचा पाय नेमका तिथे टेकला की टाइल कोपऱ्यात फुटते.

मधल्या रेघेपासून दाराच्या दिशेने मागे-मागे येत जा, नाहीतर स्वतःच कोपऱ्यात अडकाल. टाइल टाइलला भिडवायची नाही, दोन मिलिमीटर सांधा ठेवायचाच. प्रत्येक सांध्यावर दोन क्लिपा, त्यात पाचर. सांध्यातून वर आलेला मसाला ओला असतानाच काढा. नवख्याने १२० फुटांना दोन दिवस धरावेत.

चोवीस तास त्यावर कोणी चालायचं नाही. घरात पोरं असतील तर दाराला खाट आडवी लावा, सांगून उपयोग होत नाही. जड कपाट तीन दिवसांनी. क्लिपा दुसऱ्या दिवशी सांध्याच्या दिशेने हातोडीने मारून उडवा, आडव्या मारल्या तर टाइलची कड टवकते.

सांधे भरण्याआधी ते टोकदार खिळ्याने साफ करा. ग्राउट, म्हणजे सांधे भरायची सिमेंटची लुकण, रबरी पट्टीने सांध्याला तिरपं दाबत भरा, सरळ ओढलं तर भरलेलं बाहेर येतं. पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. स्पंजात पाणी राहिलं तर ग्राउटचा रंग फुटतो. उन्हाळ्यात पुढचे दोन दिवस सांध्यांवर ओलं फडकं फिरवत राहा, नाहीतर ग्राउटची भुकटी होते.

ओटा

नवा ओटा बांधत असाल तर वर ग्रॅनाइटच टाका, तिथे टाइलचा हट्ट नको. पण जुना कडप्प्याचा ओटा मजबूत आहे, नुसता काळवंडलाय, अशा वेळी टाइल हा स्वस्तातला इलाज आहे. आईने फर्मानच काढलं होतं, "रंग बदल, पण ओट्याची उंची वाढवू नको. माझे हात त्याच उंचीला सरावलेत." म्हणून तिथे आठ मिलिमीटरचीच टाइल घेतली.

आधी सिलिंडर बंद करून शेगडीसकट बाहेर काढा. कडप्प्यात वर्षानुवर्षांचं फोडणीचं तेल मुरलेलं असतं. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा लावून दोनदा घासा, मग ग्राइंडरला कप व्हील (दगड घासायचं वाटीसारखं चाक) लावून पॉलिश उतरवा. कडप्प्यावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल राहिला तर तेल अजून आहे, पसरला तर पुढे चला.

ओट्याची मांडणी पुढच्या कडेपासून करा, तुकडे भिंतीकडे. वरची टाइल पुढच्या उभ्या पट्टीवर आलेली असावी, म्हणजे सांडलेलं पाणी सांध्यात जाण्याऐवजी खाली ओघळतं. दोन टाइल्सच्या कडा ४५ अंशांत घासून जोडतात ते सुंदर दिसतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याकडून कड टवकतेच. मी अॅल्युमिनियमची कडपट्टी लावली. सिंककडे किंचित ढाळ ठेवा. लेव्हलचा बुडबुडा रेघेला टेकला की पुरे, जास्त दिलात तर तेलाची वाटी घसरत सिंकमध्ये जाईल.

ओट्याचे सांधे मात्र साध्या ग्राउटने भरू नका. शेवभाजीच्या काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा एकदा सांडला की सिमेंटचा सांधा कायमचा तपकिरी होतो आणि हळदीने पिवळा. इथे इपॉक्सी ग्राउट. त्यात राळ, हार्डनर आणि पावडर असते, मोजून दिलेली असते ती तशीच मिसळा. हे अर्ध्या-पाऊण तासात, उन्हाळ्यात त्याहून लवकर, दगड होतं. म्हणून वीतभर भरलं की लगेच कोमट पाणी आणि घासणीने पुसायचं. वाळलेलं इपॉक्सी टाइलवरून निघत नाही, माझ्या ओट्यावर शेगडीमागे बोटाएवढा डाग आजही आहे. ओटा आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात कुठलंच ग्राउट नको, सिलिकॉन भरा, कारण तिथे दोन बाजू वेगवेगळ्या हलतात. आणि ठेच्याचा खलबत्ता टाइलवर ठेवून कुटायचा नाही, जमिनीवर गोणपाट घालून कुटायचा. याला आईचा अजून विरोध आहे.

मोरी आणि बाथरूम पहिल्या खेपेला घेऊ नका. तिथे आधी वॉटरप्रूफिंग, मग जाळीकडे दर चार फुटांना अर्धा इंच ढाळ, आणि एक बाय एकची खरखरीत टाइल लागते. ढाळ चुकला तर पाणी कोपऱ्यात उभं राहतं आणि पुढे शेजारच्या भिंतीचा पोपडा निघतो.

पोकळ टाइल बदलायची तर

महिन्याभराने पुन्हा हातोडी घेऊन खोलीभर टकटक करा. नुसता एक कोपरा ढब वाजत असेल आणि त्यावर वजन येत नसेल तर सोडून द्या. अख्खी टाइल वाजत असेल तर आधी चारी सांध्यांतलं ग्राउट खरवडून काढा, म्हणजे शेजारच्या टाइलला धक्का बसत नाही. मग पोकळ टाइलच्या मध्यावर छिन्नीने फोडून तुकडे मध्यातून कडेकडे काढत जा, कडेखाली छिन्नी घालून उचकटू नका. खालचा सायीचा थर गुळगुळीत दिसेल, त्यावर टाइलच्या पाठीचा ठसाही नसतो. तो कोब्यापर्यंत पूर्ण खरवडा, नाहीतर नवी टाइल वर येऊन बसते.

माझ्या पाचातल्या चार मी पुढच्या डिसेंबरात अशाच बदलल्या, कपाटामागच्या त्या दोन राखीव टाइल्स आणि दुकानातून शोधून आणलेल्या दोन. त्या दोघींचा शेड जरा वेगळा आहे, म्हणून त्या पलंगाखाली सरकवल्या. पाचवी दाराशेजारी आहे. आबा कधी आले की त्याच टाइलवर मुद्दाम काठी टेकतात.